जोत्यापासून भोगवट्यापर्यंत

"घरपट्टी वेळेवर भरतोय, मीटर आमच्या नावावर आहे, नळाला महापालिकेचंच पाणी येतं. मग घर बेकायदा कसं?" अनधिकृत बांधकामाची नोटीस हातात पडलेला माणूस वॉर्ड ऑफिसात गेला की त्याचं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं. प्रश्न वेडगळ नाही. वीस वर्षं जी यंत्रणा पावत्या फाडत आली, तीच आता घर मंजूर नाही म्हणते, हे पचनी पडणं अवघड आहे.

कायद्याचं उत्तर मात्र कोरडं आहे. घरपट्टी ही इमारत उभी आहे आणि वापरात आहे म्हणून घेतली जाते, ती मंजूर आहे म्हणून नव्हे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या कलम २६७-अ प्रमाणे तर अनधिकृत बांधकामावर मालमत्ताकराच्या दुप्पट शास्ती लावता येते, आणि ती भरली तरी बांधकाम नियमित होत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये या शास्तीकरावर कित्येक निवडणुका लढल्या गेल्या. २०२३ मध्ये सरकारने तो माफ केला. कर माफ झाला, घरं मात्र होती तिथेच, होती तशीच राहिली. गावाकडे हाच घोळ 'नमुना ८ अ'चा. ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत नाव लागलं की घर कायदेशीर झालं, असं मानणारे हजारो आहेत. तो उतारा कर कोणाकडून घ्यायचा एवढंच सांगतो. मालकी आणि मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी त्याच्या पलीकडे राहतात.

घर बांधायचं म्हटलं की आपण आधी ठेकेदार शोधतो, मग गृहकर्ज, आणि मंजुरी ही आर्किटेक्टने उरकून आणायची कटकट समजतो. प्रत्यक्षात तीन प्रश्नांची उत्तरं याच क्रमाने मिळावी लागतात: जमीन कोणाची आणि कसली, तिच्यावर किती बांधता येतं, आणि मंजूर झालं तेच उभं राहिलं का. महाराष्ट्रातली बहुसंख्य छोटी घरं दुसऱ्या प्रश्नावर अडत नाहीत. ती पहिल्यावर अडतात, म्हणून लोक तो टाळून थेट खोदाईला लागतात.

नियम कोणाचा, परवानगी कोणाची

या सगळ्याचा मूळ कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. त्याच्या कलम ४४ खाली अर्ज करायचा आणि कलम ४५ खाली नियोजन प्राधिकरणाने परवानगी द्यायची किंवा नाकारायची. प्राधिकरण म्हणजे शहरात महापालिका किंवा नगरपालिका, इतरत्र पीएमआरडीएसारखं प्राधिकरण, नाहीतर जिल्हाधिकारी. अर्जावर ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं कायदा मानतो. ही तरतूद पुष्कळांना तोंडपाठ असते, तिची अट मात्र आठवत नाही: आराखडा नियमांत तंतोतंत बसणारा असला पाहिजे. नियमाबाहेरचा मजला साठ दिवसांच्या शांततेत मंजूर होत नाही.

किती, कुठे, कसं बांधायचं हे विकास नियंत्रण नियमावली सांगते. पूर्वी जवळपास प्रत्येक शहराची नियमावली वेगळी होती. नाशिकचा नियम सोलापुरात लागू नसे आणि सोलापूरचा सांगलीत चालत नसे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रित नियमावली आणली, तिचं बोलीतलं नाव 'युडीसीपीआर'. मुंबईला ती लागू नाही, तिथे २०१८ पासून 'डीसीपीआर २०३४' चालते. एमआयडीसीची क्षेत्रं, 'नैना', थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपालिका, लोणावळा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित भागही या एकत्रित नियमावलीबाहेर आहेत. त्यामुळे पुण्यातल्या मेव्हण्याने सांगितलेला नियम माथेरानच्या घराला लावणं म्हणजे फसगत.

याच नियमावलीतली एक सवलत गावोगाव पोहोचली आणि पोहोचता पोहोचता बदलली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरच्या छोट्या घरासाठी मालकाने मालकीची कागदपत्रं, मोजणी नकाशा, नियमात बसणारा आराखडा आणि शुल्क भरायचं. त्याची पोच हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला तांत्रिक व्यक्तीच्या प्रमाणपत्रावर दहा दिवसांत मंजुरी. २०२१ मध्ये ग्रामविकास खात्यानेही ग्रामीण भागासाठी तशीच घोषणा केली: १६०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीला कळवायचं, ३२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीनेच दहा दिवसांत दाखला द्यायचा, नगररचनाकाराकडे खेटे नकोत. गावात याचा अर्थ झाला, 'आता परवानगी लागत नाही.' नियम एवढंच म्हणतो की फाइल टेबलावर पडून राहणार नाही. सामासिक अंतर, म्हणजे भूखंडाच्या कडेने मोकळी ठेवायची जागा, सोडायचंच आहे, उंचीची मर्यादा आहेच, आणि चूक झाली तर आता ती तपासणाऱ्या अधिकाऱ्याची नाही, सही करणाऱ्या मालकाची आणि अभियंत्याची आहे. सोय वाढली तशी जबाबदारीही सरकली.

आधी जमीन

आराखडे करून देणाऱ्या कुठल्याही अभियंत्याकडे फाइल आली की तो आधी शेवटची पानं उलटतो. सातबारा आहे की मालमत्ता पत्रक? भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा आहे का? झोन दाखला आणलाय का? यातलं एक नसेल तर घराचा नकाशा कितीही देखणा असो, तो पुढे सरकत नाही.

शेतजमिनीवर घर बांधायचं तर ती अकृषिक व्हावी लागते. हा फेरा पूर्वी फार लांबचा होता. २०१७ पासून महसूल संहितेत कलमं घालून तो टप्प्याटप्प्याने कमी केला गेला. विकास आराखड्यात निवासी दाखवलेली किंवा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन रूपांतर कर आणि आकारणी भरून मोकळी होऊ लागली. गावठाणातल्या घरांचं दुखणं उलटं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहूनही मोजमापाचा नकाशाच नव्हता. ड्रोनने गावठाणं मोजून मालमत्ता पत्रक देण्याची केंद्राची 'स्वामित्व' योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली, पण त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात असा प्रयोग झाला होता.

खरी गाठ गुंठ्याची आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे लहान तुकडे करायला मनाई केली. २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे, बागायतीचं १० गुंठे. शहराकडे पोट भरायला आलेल्या माणसाला परवडतो एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. मग शहराच्या कडेला एकरभर शेत घेऊन त्यात फक्कीने रेघा मारल्या जातात, मधे दहा फुटांचा 'रस्ता' सोडला जातो, दहा-बारा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामायिक चढवली जातात किंवा नुसत्या नोटरीवर व्यवहार होतो. घेणाऱ्याला वाटतं आपण प्लॉट घेतला. कागदावर त्याच्याकडे एका शेताचा अविभक्त हिस्सा असतो. त्याच्यासमोर मोजणी नकाशा नाही, मंजूर रेखांकन नाही, झोन अनेकदा शेती. तो प्रामाणिकपणे परवानगी मागायला गेला तरी अर्ज दाखल करण्याजोगं त्याच्याकडे काही नसतं.

अशा वस्त्यांसाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला. १ जानेवारी २००१ पर्यंतच्या वस्त्या नियमित करायच्या, पुढे नाही. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर गेली. तुकडेबंदी मोडून झालेले व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्के भरून नियमित करण्याची सोय झाली, २०२४ मध्ये ते शुल्क ५ टक्क्यांवर आलं, आणि २०२५ मध्ये नागरी भागापुरता कायदा आणखी सैल झाला. प्रत्येक पाऊल सुटं पाहिलं तर माणुसकीचं आहे. सगळी ओळीने मांडली की एक धडा दिसतो, आणि तो गुंठे पाडणाऱ्याने केव्हाच गिरवलाय: थांब, तारीख पुढे जाईल.

कोकणातलं कोडं आणखी निराळं. मुंबईहून निवृत्त होऊन आलेल्या चाकरमान्याला आजोबांचं मातीचं घर पाडून चिऱ्याचं बांधायचं असतं. पैसे असतात, जागा असते. सातबाऱ्यावर मात्र चुलत, सावत्र, परदेशी गेलेले आणि दोन पिढ्यांपूर्वी वारलेले मिळून वीस-पंचवीस नावं. वारसनोंदी करून सहहिस्सेदारांच्या संमत्या गोळा करण्यात घर बांधायला लागतो त्याहून जास्त काळ जातो. घर किनाऱ्याजवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, रेषा वेगळी पाहावी लागते. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे, तर दाट वस्तीच्या गावांना ते ५० मीटर.

नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची ती लाल. निळ्याच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधे अटींवर मुभा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत ज्यांच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी आलं, त्यांना या रेघांचा अर्थ सांगावा लागत नाही. शहरातल्या भूखंडावर आरक्षणही असू शकतं, शाळेचं, बागेचं, रस्तारुंदीचं. विकास आराखडा मंजूर होऊन दहा वर्षं उलटली तरी जागा संपादित झाली नसेल तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो, आणि २४ महिन्यांत कार्यवाही झाली नाही तर आरक्षण व्यपगत होतं. झोन दाखल्याचे थोडे पैसे वाचवून जमीन घेणारे लोक हे सगळं खरेदीखतानंतर वाचतात.

दोन गुंठ्यांचं गणित

जमिनीचं निस्तरलं असं धरू. भूखंड १२ मीटर रुंद, १७ मीटर लांब, म्हणजे २०४ चौरस मीटर, दोन गुंठ्यांहून किंचित जास्त. दाट गावठाणाबाहेरच्या भागात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.१० आहे. म्हणजे सगळे मजले मिळून २२४ चौरस मीटर, सुमारे २,४०० चौरस फूट. त्यावर प्रीमियम भरून जिने, बाल्कनी, भिंतींची जाडी वगैरेंसाठी पूरक क्षेत्र मिळतं, निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत. रस्ता रुंद असेल तर सशुल्क निर्देशांक आणि टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, यांची दारं उघडतात. रस्ता नऊ मीटरहून अरुंद असेल तर ती बहुतेक बंदच.

आता सामासिक अंतर. ते रस्त्यावर आणि भूखंडाच्या आकारावर ठरतं. समजा पुढे तीन मीटर आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडायचं आहे. उरली नऊ बाय साडेबारा, म्हणजे बाराशे चौरस फुटांच्या आतबाहेरची जागा. दोन मजले घेतले की २२५ चौरस मीटर होतात आणि निर्देशांक जवळजवळ काठोकाठ भरतो. म्हणजे नियम पाळूनही ऐसपैस दुमजली घर होतं. तरीही ठेकेदार म्हणतो, "साहेब, मार्जिनमध्ये चार फूट घेतलं तर जिना आत बसतो. इथं सगळ्यांनी तसंच केलंय." सगळ्यांनी तसंच केलेलं असतं, म्हणूनच त्या गल्लीत अग्निशमनाची गाडी वळत नाही आणि शेजारच्याच्या स्वयंपाकघरात दुपारी बारालाही दिवा लागतो.

खर्चाच्या रकान्यात छाननी शुल्क, विकास शुल्क, अनामत, घेतला तर प्रीमियम, आणि बांधकामाचा खर्च ठरावीक मर्यादेवर जात असेल तर कामगार कल्याण उपकर. हे पैसे ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात नसतात, म्हणून शेवटी अंगावर येतात.

तांबडी रेघ, पिवळी रेघ

मंजुरीसाठी जातो तो नकाशा वाचायला शिकणं हे घरमालकाने स्वतःवर केलेलं सर्वांत स्वस्त उपकाराचं काम. भूखंडाची हद्द जाड काळ्या रेघेत. नवं बांधकाम तांबड्या रंगात. जे पाडायचं ते पिवळ्या तिरक्या रेघांनी भरलेलं. सांडपाण्याची वाट तांबड्या टिंबांची, पाण्याची काळ्या टिंबांची. कोपऱ्यात क्षेत्रफळाचा तक्ता, त्यात भूखंडाचं क्षेत्र, अनुज्ञेय बांधकाम आणि प्रस्तावित बांधकाम. या तक्त्यातला 'प्रस्तावित'चा आकडा आणि ठेकेदाराच्या करारातला चौरस फुटांचा आकडा जुळत नसेल तर गोंधळ आत्ताच आहे, स्लॅब पडल्यावर नव्हे. आता बहुतेक शहरांत हा नकाशा संगणकात चढतो आणि प्रणाली त्याची अंतरं स्वतः मोजते. चुकीच्या थरावर काढलेली एक रेघही अर्ज परत पाठवते, आणि मालकाला वाटतं साहेबाने अडवलं.

मंजुरीबरोबर येतं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, बोलीत 'सीसी'. मुंबईत त्याच्या आधी १८८८ च्या महापालिका कायद्यातल्या कलम ३४६ खालची 'आयओडी' मिळते आणि तिच्यातल्या अटी पुऱ्या केल्यावर १९६६ च्या नगररचना कायद्याखालची सीसी. सीसीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि ठरल्या मुदतीत काम जोत्यापर्यंतही आलं नाही तर ती संपते.

जोतं हा या साऱ्या प्रवासातला निर्णायक टप्पा आहे. लाइनआउटच्या सकाळी मिस्त्री दोरी ताणतो, चुन्याच्या रेघा पडतात, कॉलमच्या जागा ठरतात. तेव्हा एक फुटाची चूक खडूने पुसता येते. फुटिंग भरून जोतं वर आलं की तीच चूक तोडावी लागते. म्हणून नियमात जोता तपासणी ठेवली आहे. अभियंत्याने मापं घ्यायची, मंजूर नकाशाशी ताडायची, प्रमाणपत्र घ्यायचं, मगच वरचं काम. छोट्या घरांत ही पायरी हटकून गाळली जाते, कारण मिस्त्रीची माणसं खोळंबतात आणि पावसाळा तोंडावर असतो. पुढे घर मंजुरीप्रमाणे बांधलंय आणि वापरायला हरकत नाही असं सांगणारं भोगवटा प्रमाणपत्र अडतं ते नेमकं इथल्या चार फुटांवर.

याच टप्प्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते, आणि तिलाही लोक रबरी शिक्का समजतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जी घरं कोसळली, ती जाड दगडमातीच्या भिंतींवर मातीचं जड माळवद पेलणारी होती. ती कोणी इंजिनिअरने आखली नव्हती. आज गावोगाव जुन्या भारवाही भिंतींवर नवा आरसीसी मजला चढवला जातो, तेव्हा भार वेगळ्या साहित्याचा असतो, पण तो पेलवेल का हे भिंतीला आजही कोणी विचारत नाही.

एक भिंत काढायची आहे

नूतनीकरणात लोक दोन टोकांना जातात. कोणी फरशी बदलायलाही घाबरतो, कोणी विचारल्याशिवाय खांब कापतो. १९६६ च्या कायद्याच्या कलम ४३ मध्ये देखभाल व सुधारणेच्या अशा कामांना परवानगीतून सूट आहे, जी फक्त इमारतीच्या आतल्या भागाला लागतात किंवा बाहेरच्या रूपात ठळक फरक करत नाहीत. रंग, गिलावा, फरशी, नळ आणि वायरिंगची दुरुस्ती, कौलं फेरणं, ओट्याचा दगड बदलणं ही रोजची कामं त्यात येतात. सोसायटीला कळवायचं ते उपविधीप्रमाणे, आणि शेजाऱ्याच्या दुपारच्या झोपेसाठी.

परवानगी लागते ती मजला वाढवताना, पोटमाळा घालताना, राहत्या जागेचं दुकान किंवा दवाखाना करताना, आणि इमारतीच्या सांगाड्याला हात लावताना. गॅलरी बंद करण्याचा प्रश्न मधोमध बसतो. जुन्या नियमांत बाल्कनी ठराविक मर्यादेपर्यंत चटईक्षेत्रात धरत नसत, म्हणून ती बंद करून खोली केली की निर्देशांकाबाहेरचं बांधकाम होई. नव्या नियमावलीत बाहेरच्या रेषेपर्यंतचं सगळं क्षेत्र मोजलं जातं, तरी मंजूर नकाशात उघडी दाखवलेली गॅलरी आपल्या मनाने भिंतीआड घालता येत नाही. न्हाणीघर सरकवून खालच्याच्या स्वयंपाकघरावर आणणं हेही असंच, आणि भांडणाला सर्वांत जवळचं.

या बाबतीत दोन घटना विसरू नयेत. २७ सप्टेंबर २०१३ ला मुंबईत डॉकयार्ड रोडला महापालिकेच्याच मालकीची, तिचे कर्मचारी राहत असलेली इमारत पडली आणि ६१ माणसं गेली. तळमजल्यावरच्या गोदामात केलेल्या फेरबदलांवर ठपका आला. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरमध्ये चार मजली सिद्धी साई इमारत कोसळली, १७ जण गेले. तळमजल्यावर नर्सिंग होमच्या जागेचं नूतनीकरण चालू होतं आणि खांबांना हात लावल्याचा आरोप रहिवाशांनी केला. दोन्हीकडे वरच्या मजल्यावरच्यांनी आपल्या घरात काहीच केलं नव्हतं.

म्हणून भिंत काढण्याआधी मंजूर नकाशा किंवा स्ट्रक्चरल ड्रॉइंग पाहायचं. ते हाती नसेल तर माहिती अधिकारात मागवता येतं. ठेकेदाराचं "ही नुसती पार्टिशन आहे हो" हे मत लेखी घ्यायचं नाही, कारण तो लिहून देणारच नाही. इंजिनिअरचं घ्यायचं.

तारीख पुढे जाईल

अनधिकृत बांधकाम गरिबाच्या गुंठ्यापुरतं नाही. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत पाच मजल्यांना मंजुरी होती आणि एक इमारत वीस मजल्यांवर गेली. घरं विकली गेली, संसार उभे राहिले. २७ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदा ठरवले आणि २०१४ मध्ये महापालिकेची माणसं वीज-गॅस तोडायला दारात आली. त्याच २०१३ च्या ४ एप्रिलला शिळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये बेकायदा इमारत बांधता बांधताच कोसळली. ७४ माणसं गेली. कल्याण-डोंबिवलीत तर ६५ इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामकाची, नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या, आणि कर्ज फेडणारे खरेदीदार रस्त्यावर आले. रेराचा क्रमांक पाहिला की झालं, असं मानणाऱ्यांना तो मोठा झटका होता. सीसीचा क्रमांक आणि तारीख घेऊन नगररचना विभागात ताडून पाहणं हाच पक्का मार्ग.

दुसरीकडे १९६६ च्या कायद्यातली शिक्षा कलम ५२ मध्ये आहे, एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन ते पाच हजार रुपये दंड. आजच्या बांधकाम खर्चापुढे पाच हजार म्हणजे सळईच्या एका खेपेचं भाडं. २०१७ मध्ये कलम ५२-अ आलं आणि ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची काही बांधकामं शुल्क घेऊन नियमित करण्याची वाट उघडली. दंड किरकोळ आणि सवलत अधूनमधून नक्की, असं गणित असेल तर नियम पाळणारा माणूस वेडा ठरतो. त्याने झोन पाहून महागडी जागा घेतली, अंतर सोडलं, शुल्क भरलं. शेजाऱ्याने यातलं काही केलं नाही आणि दहा वर्षांनी दोघांच्या हातात सारखाच कागद आला.

हा हिशेब आता बदलू लागलाय, आणि तो बँकेच्या दारात बदलतोय. १७ डिसेंबर २०२४ ला मेरठच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले: पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याखेरीज कर्ज नाही, वीज-पाणी-मलनिस्सारणाची जोडणी नाही, बांधकामाच्या जागी मंजूर आराखडा लावलेला हवा, आणि वर्षानुवर्षं कोणी कारवाई केली नाही म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. याची अंमलबजावणी जिथे होईल तिथे भोगवटा नसलेलं घर विकताना, गहाण ठेवताना आणि पुनर्विकासाला देताना अडेल. ज्याने पैसे वाचवले तो ठेकेदार किंवा बिल्डर तोवर गेलेला असतो. अडणारा माणूस तिथे राहणारा असतो.

सरकारकडे मागायचं तर परवानगी आणखी सोपी करा असं नव्हे, ती पुरेशी सोपी झाली आहे. जमीन सोपी करा. शहराच्या कडेला कायदेशीर, मोजलेला, रस्ता असलेला एक-दोन गुंठ्यांचा भूखंड कमावत्या माणसाला परवडेल असा मिळाला, तर नोटरीवरचे प्लॉट घ्यायला कोणी जाणार नाही. वारसनोंदी आणि मोजण्या वेळेत झाल्या तर कोकणातलं घर पावसाआधी उभं राहील. शेवटची तारीख एकदाच ठरवा आणि पाळा.

आणि आपल्या हातातलं म्हणाल तर ठेकेदाराशी करार करताना हप्ते कामाबरोबर कागदालाही बांधा. सीसी हाती आल्याखेरीज खोदाईचा हप्ता नाही, जोता तपासणी झाल्याखेरीज पहिल्या स्लॅबचा नाही, भोगवटा मिळाल्याखेरीज शेवटचा नाही. ठेकेदार कुरकुर करेल. ती कुरकुर जोत्याच्या वेळी ऐकून घेतलेली बरी. वीस वर्षांनी घर विकायला निघाल्यावर ती खरेदीदाराच्या वकिलाकडून ऐकावी लागते, आणि तेव्हा तोडायला फक्त भिंतच उरलेली असते.